तेराव्या डावापर्यंत

"ॲक्रनहून लेनर्ड कोवाच. बोला!" रेडिओवरचा माणूस म्हणाला.

लेनर्ड मागच्या दारात फोन कानाला लावून उभा होता. लोकांच्या तळघरातल्या, घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. बेसबॉलवेड्यांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या या कार्यक्रमाला मात्र तो पहिल्यांदाच फोन करत होता.

"त्या मॅनेजरला हाकला!" तो कडाडला. "रविवारी नवव्या डावात तीन धावांनी पुढे होतो आपण. पिचर चेंडू झकास टाकत होता. त्याला काढायचं अडलं होतं का?"

"खरंय. अख्खं शहर हेच विचारतंय."

"शहराचं सोडा, मी विचारतोय! साडेतीनला संपणारा सामना पाचपर्यंत लांबवला. नवाचे तेरा डाव! आणि वर हरले, लाज नाही वाटत?"

स्वयंपाकघरात बटाटे सोलणाऱ्या त्याच्या बायकोचे, अर्लीनचे, हात थांबले. रविवारपासून दोघांचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं.

त्या दुपारी ती बहिणीकडे गेली होती. साडेतीनला तिने फोन केला. "डॉटी बरी आहे ना?"

"नुसत्या येरझाऱ्या घालतेय. ओकारी काढते, पण पडत काही नाही."

"मग डॉक्टरकडे ने ना!"

"नेतो गं. एवढा डाव संपू दे."

तेवढ्यात बरोबरी झाली. दहावा डाव. अकरावा. अकरा वर्षांची डॉटी, त्यांची दांडगी कुत्री, त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, तिचं पोट ढोलासारखं ताणलेलं. "थांब गं बाई, दोन गडी बाद झालेत," म्हणत त्याने तिचं डोकं थोपटलं, नजर पडद्यावरच. शेवटी ती त्याच्या पायाशी पडून राहिली. सामना संपल्यावर त्याने तिला उचलून गाडीत घातलं, तेव्हा तिची मान सैल पडली होती.

"पोटाला पीळ पडलाय," डॉक्टरीण म्हणाली. "तासभर आधी आणलं असतं, तर..."

सोमवारी कामावर कुणीतरी म्हणालं, "कुत्रीच होती ना? दुसरी आण." लेनर्डने हातातला पाना भिंतीवर भिरकावला आणि घरी निघून आला.

"लेनर्ड, आहात ना?" रेडिओवाल्याने विचारलं. "मग तुमचं म्हणणं काय, मॅनेजर बदला?"

"माझं म्हणणं..." त्याचा आवाज अजून चढलेलाच होता. "तिला त्रास होत होता, ते मला दिसत होतं! माझ्या डोळ्यांसमोर! तरी हा गाढव खुर्चीतून उठला नाही!"

"कोण? मॅनेजर?"

"मी! मी उठलो नाही. माझी कुत्री गेली."

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारा तो माणूस हळूच म्हणाला, "फार वाईट झालं हो."

लेनर्डने फोन बंद केला. वळला, तर मागे अर्लीन उभी. आता ती तोंड सोडणार असं त्याला वाटलं. सोडलं असतं तर बरंच झालं असतं.

"तिची वाटी तशीच पडलीय," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाही. तू धू."

त्याने वाटी नळाखाली धरली. तळाशी अन्न वाळून घट्ट बसलं होतं. अंगठ्याच्या नखाने तो ते खरवडू लागला. अर्लीन शेजारी फडकं घेऊन उभी राहिली.