सरळ फोक

माठाच्या काठावर तांब्या टणकन वाजला आणि दुपारची शांतता मोडली. जीनतनं डोळे न उघडताच ओळखलं, अर्फा पाणी चोरतेय.

"टँकर परवा येनार हाय," ती पडल्या पडल्या म्हणाली.

"अर्धाच घेतलाय, अम्मी."

सोप्यात मतीन कोंबड्या झाकायचं डालगं विणत बसला होता. त्याचे हात थबकले, मग पुन्हा चालू झाले. लेकीकडं त्यानं पाहिलं नाही. डोंगर जळाल्यापासून तिच्या हातात तांब्या दिसला की तो असाच मान खाली घालायचा.

जीनत उठली, डोक्यावर पदर घेतला आणि लेकीच्या मागं निघाली. सहा वर्षांची पोर, एवढ्या उन्हात एकटी कशी सोडायची?

डोंगराच्या पायथ्याशी रविराज भेटला. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या पोरांना हाताशी घेऊन त्यानंच साऱ्या उतारावर रोपं लावली होती. प्रत्येक रोपाला एका पोराचं नाव. आता राखेत त्या नावांच्या पत्र्याच्या पाट्या तेवढ्या उभ्या होत्या.

"काय अर्फाबाई, जळक्या काटकीला पानी? चिंचा लागल्या की आमाला बी द्या बरं का."

अर्फा हसली नाही. रविराज जीनतकडं वळला. "काडी कुनी लावली त्यो घावू दे वैनी. गावात ऱ्हाऊ देत न्हाई त्याला."

"व्हय," जीनत म्हणाली आणि पायाच्या अंगठ्यानं राख उकरत राहिली.

काडेपेटी तिनंच दिली होती, चुलीजवळची. शिमग्याच्या आधी ओढ्याकाठची निरगुडी जाळायची ही तिच्या सासऱ्यांची, चांदसाहेबांची रीत. जुनं वाकडंतिकडं झुडूप जळून गेलं की बुडाच्या गड्ड्यातून सरळसोट, लवचिक फोक फुटतात. असल्या फोकांचंच डालगं म्हसवडच्या बाजारात खपतं, आणि त्यावरच घरची चूल पेटते. भोवतीचं गवत आधी कापून घ्यायचं, पहाटेच्या दवात पेटवायचं, हिरवा डहाळा हातात धरून राखण करायची. मतीननं सगळं तसंच केलं होतं. वारं तेवढं फिरलं. तो घरी आला तेव्हा त्याच्या भुवया करपल्या होत्या. तिनं खोबरेल तेलाची बाटली पुढं सरकवली. त्यानंतर दोघांनी त्यावर शब्द काढला नव्हता.

ओढ्याकाठी निरगुडी गुडघ्याला लागली होती. वरच्या अंगाला धायटीच्या झुडपांच्या काळ्या बुडख्यांतून लालसर कोंब आले होते. जळून कोळसा झालेल्या करवंदीच्या जाळीतसुद्धा आतून हिरवं डोकावत होतं. त्यांची मुळं जुनी, खोल गेलेली. लेकीच्या चिंचेनं एकच पाऊस पाहिला होता. पाटीवर 'अर्फा' लिहिलेलं, खाली वीतभर काळी काडी.

अर्फानं तांब्या रिता केला. राखेनं पाणी गटकन पिऊन टाकलं.

"दादाजी सांगायचे तसं बघ की. नखानं खरवडायचं. आत हिरवं असलं तर झाड जितं."

"तूच बघ."

"माझं नख लय मऊ हाय."

जीनत वाकली. शेंड्याजवळ खरवडलं, तपकिरी निघालं. मातीलगत खरवडलं, तिथंही तपकिरीच. लेकीकडं पाठ करून तिनं बोटानं माती बाजूला केली आणि मुळाशी नख लावलं. साल भुगा होऊन नखात आली. तिनं माती पुन्हा लोटली आणि दोन्ही तळव्यांनी हलकेच थोपटली, अर्फाला झोपवताना थोपटायची तशी.

"हिरवं हाय?"

"पाऊस तर पडू दे," जीनत म्हणाली.

अर्फानं मान हलवली. रिकामा तांब्या पोटाशी धरून ती खालच्या निरगुडीकडं बघत राहिली.

"बाईंनी वर्गात इचारलं हुतं, आग कुनी लावली, कुनी बघितलंय का म्हनून," ती हळूच म्हणाली. "मी न्हाई बोलले."

जीनतचे हात मातीवरच राहिले. खाली रविराज कुठलीशी आडवी झालेली पाटी सरळ करत होता.

"अम्मी, फुडच्या साली अब्बा जाळायला निघाले की मला आदी सांगशील? मी माझं झाड काढून घरी आनीन."