टाचांचं तेल

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी योगिनीने कुणाला तरी विचारून केसांना तेल लावलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण विचारणार कुणाला? आई पहाटेच मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या लिलावाला गेलेली, बाबा होडीवर. आणि खरं सांगायचं तर हल्ली योगिनी कुणाला विचारत-बिचारत नव्हतीच. मागच्याच महिन्यात नववीच्या अख्ख्या वर्गासमोर उभं राहून तिने जाहीर केलं होतं, "आपण शाम्पू सोडला! आता फक्त रिठा, शिकेकाई आणि जास्वंदीची पानं!" वर्गाने बाकं बडवली होती.

शाम्पू तिने सोडला नव्हता, सोडावा लागला होता. ते मात्र तिने पोटातच ठेवलं. कानांमागे लाल पुरळ उठलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सध्या वासाचं काहीही डोक्याला लावायचं नाही."

वासाचं काही नाही! अहो, वासासाठीच तर सगळं होतं! पाचवीत असताना बाकावरची मुलगी नाक दाबून लांब सरकली होती, "ईऽऽ, सुकटीचा वास!" तेव्हापासून अंगणात बोंबील वाळत असोत की घरात कोलंबी सोललेली असो, योगिनीच्या केसांना स्ट्रॉबेरीचाच वास यायचा. गुलाबी बाटलीतला शाम्पू, त्यावर सीरम, मग ऐटीत शाळा. आता रिठ्याने केस लख्ख व्हायचे, पण लपायला जागाच उरली नव्हती.

त्यात फुगडी! बाईंनी बसवलेल्या नाचात शेवटी योगिनी आणि ईशाने गिरकी थांबवून डोक्याला डोकं टेकवायचं होतं. ईशा म्हणजे बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराची मुलगी, कायम कडक इस्त्रीतली. महिनाभर प्रत्येक तालमीत योगिनी ऐनवेळी मान तिरकी करायची आणि बाई ओरडायच्या, "चिकटा गो! मधनं काय होडी न्यायचीय?"

आज तरी केस भुरभुरायला नकोत, चापूनचोपून बसायला हवेत, म्हणून तिने फळीवरची वाटी काढली. सावर्ड्याच्या मावशीने आईच्या भेगाळलेल्या टाचांसाठी कोकमाच्या तेलाचा घट्ट गोळा पाठवला होता. नैसर्गिक? शंभर टक्के! तिने तो वितळवला आणि ओल्या केसांना सढळ हाताने चोपडला. आरशात काय ती चमक! वेणी घालून, थंड वाऱ्यात सायकल हाणत ती शाळेत पोचली.

"अगो, डोक्यावर मेणबत्ती सांडलीस काय?" ईशाचं पहिलं वाक्य.

योगिनीने वेणीला हात लावला. वेणी कुठली, सुंभाचा दोरखंड! वर पांढरे पांढरे पापुद्रे.

"काय लावलंस?"

"कोकमाचं तेल."

"टाचांचं? डोक्याला?" ईशा पोट धरून हसली. "आमच्या दुकानात असतं ना ते. थंडीत बरणीतनं सुरीने खरवडावं लागतं. चल, उन्हात चल आधी. आपला नंबर चौथा आहे!"

मैदानाच्या कडेला चिऱ्याच्या कठड्यावर ईशाने तिला बसवलं, वेणी सोडली आणि रुमाल घेतला. मागे मंडपात पहिल्या नाचाचे ढोल सुरू झाले. ऊन डोक्यावर येऊ लागलं तसं तेल सुटायला लागलं. योगिनी मात्र मान आखडून बसली. ऊन लागलं की वास वर येतो, हे कोळ्याच्या पोरीला कुणी सांगायला हवं? आणि ईशाचं नाक तिच्या टाळूपासून वीतभरही लांब नव्हतं.

"दे, मी करते," ती मान ओढून घेत म्हणाली.

"तुला मागचं दिसतं? गप बस."

"नको म्हणते ना!"

"अगो पण का?"

दुसरा, मग तिसरा नाच संपला. टाळ्या पडल्या. योगिनीने डोळे गच्च मिटले. महिनाभर जे विचारायचं टाळलं होतं ते तिच्या तोंडून सटकलंच. "वास येतोय काय माझ्या केसांना? मासळीचा?"

आता ईशाने पटकन नाही म्हणावं की नाही? पण तिने खाली वाकून, नाक टेकवून चांगलं हुंगलं.

"येतोय. जरासा. बोंबलाचा वाटतो."

उठून पळावं तर केस ईशाच्या मुठीत.

"पण आधी स्ट्रॉबेरीत बोंबील यायचा. ते काय भयानक होतं! मी शिंकत असायचे ते काय सर्दीने वाटलं तुला?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला नाक आहे ना गो."

"मग बोलली का नाहीस?"

ईशाचा हात थांबला. "तू महिनाभर माझ्यापासून लांब होतेस. मला वाटलं, माझाच येतो. हिंगाचा. दुकानाच्या वर राहतो आम्ही, गादीलासुद्धा येतो. मी रोज दोनदा आंघोळ करत होते, माहितीये?"

योगिनीने वळून तिच्या खांद्याला नाक लावलं. "येतोय," ती म्हणाली. "जरासा."

"मेले!" म्हणत ईशाने तिच्या पाठीत रुमाल हाणला, तेवढ्यात मंडपातून त्यांचं नाव पुकारलं. योगिनीच्या मानेवरचे केस अजून पांढरेच होते. घट्ट अंबाडा वळला, पिना खुपसल्या आणि दोघी धावल्या.

स्टेजवर दोघींनी हात धरले. एवढी माणसं, आणि तिच्या डोक्यावर ना स्ट्रॉबेरी ना काही. गिरकी फिरली, थांबली. मान तिरकी होऊ लागली. मग तिने ती सरळ केली आणि डोकं ईशाच्या डोक्याला टेकवलं, चांगलं दाबून.

टाळ्या संपल्या तरी दोघी तशाच उभ्या.

"बाजूला हो," ईशा ओठ न हलवता म्हणाली.

"तू हो. तुझे केस माझ्या पिनेत अडकलेत. वर तेलाने चिकटलेत."

पडद्याआडून बाईंचा आवाज आला, "अगो, आता सुटा की!"