बिबट्याच्या फोटोंची परवानगी

मी एक जुना कंटेनर आहे. बंदरावर एकावर एक रचलेले लोखंडी कंटेनर तुम्ही पाहिले असतील, त्यांतला मी नव्हे. मी संगणकाच्या आत राहतो. आणि जुना म्हणजे फार तर वर्षभराचा. पण आमच्या कुळात वर्षभर टिकलेल्याला आजोबाच म्हणतात.

मित्रांनो, सहलीला निघताना आई डबा भरून देते. चपाती, भाजी, लोणचं आणि आठवणीनं चमचासुद्धा. मग वाटेत कुणापुढे हात पसरावा लागत नाही. मलाही तसंच भरलं होतं. प्रोग्रॅम आणि तो चालायला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात! हा डबा भरणारी साक्षी. तिच्या घरचा कराडजवळ ऊस आहे, आणि इंजिनिअरिंग करून ती नुकतीच बाहेर पडली होती. फोटो बघून हा बिबट्या, हे कुत्रं, हे रानमांजर आणि हे नुसतंच वाऱ्यानं हललेलं उसाचं वाळलं पाचट, एवढं ओळखायला तिनं मला शिकवलं.

उसाच्या पट्ट्यात याची गरज का पडावी? ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. त्यांची आई जवळच कुठेतरी दबा धरून असते. पिल्लं क्रेटमध्ये घालून होती त्याच जागी ठेवायची आणि माणसांनी लांब व्हायचं. ऊन उतरलं की ती येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पण ती आली का हे बघायला कुणी गेलं, तर ती आल्या पावली परत फिरते. म्हणून क्रेटसमोर कॅमेरा लावतात. तो फोटो काढतो आणि क्लाउडवरच्या एका कप्प्यात पाठवतो. क्लाउड म्हणजे ढग नव्हेत बरं का. दूर कुठेतरी गार खोल्यांत ठेवलेले भाड्याचे संगणक!

आदल्या हंगामात असाच एक फोटो गावभर पसरला होता. मोटारसायकलींची रांग लागली, जो तो फोन वर धरून उभा. त्या गोंगाटात आई फिरकलीच नाही, आणि ते पिल्लू आता पिंजऱ्यात वाढतं आहे. तिथल्या वनरक्षक मंगलताईंच्या मनातून ते जात नव्हतं.

"ती आली की माझा फोन वाजला पायजे," त्या साक्षीला म्हणाल्या होत्या. "आन् फोटो दुसऱ्या कुनाच्या हाताला लागाय नगं. एवढं कर पोरी."

त्यासाठी माझा जन्म झाला. साक्षीच्या लॅपटॉपवर माझं काय कौतुक! तिचा सांगलीचा मित्र सौमित्र तर टाळ्याच वाजवायचा.

"एकही चुकत नाही गं हा!"

"मघाशी डुकराला कुत्रं म्हणाला."

"एवढ्या अंधारात मीही म्हणालो असतो."

मी फुशारून गेलो होतो. फोटोंचा कप्पा मागितला की उघडायचा. मला वाटायचं, तो माझ्यासाठीच उघडतो.

आणि मग तो दिवस आला! दुपारी मंगलताईंचा फोन आला, "बाळासोंच्या फडात दोन पिल्लं घावल्यात. क्रेट ठेवलाय, कॅमेरा लावलाय. तुझा डबा आज चालू हुतोय न्हवं?"

"होतोय, ताई!" साक्षी खुर्चीतून उठलीच.

पण त्याच दिवशी ट्रान्सफॉर्मर जळून वीज गेलेली. सौमित्रचा लॅपटॉप सांगलीला घरी राहिलेला, आणि साक्षीच्या लॅपटॉपची बॅटरी तळाला लागलेली. लॅपटॉपवर मी संध्याकाळपर्यंत तग धरणं शक्यच नव्हतं. मला क्लाउडवर चढवणं हा एकच मार्ग होता. साक्षीनं फोनच्या इंटरनेटवरून मला पाठवलं. मी तिथं उभा राहिलो, ऐटीत कप्प्यापाशी गेलो आणि फोटो मागितले.

उत्तर आलं, "परवानगी नाही."

मी पुन्हा मागितले. परवानगी नाही! मित्रांनो, तोच कप्पा, तोच मी. कालपर्यंत दिवसातून शंभरदा जिथं गेलो, तिथं आज मला कुणी ओळखच देईना.

"कप्पा सगळ्यांना उघडा कर," सौमित्र म्हणाला. "एक बटण तर दाबायचंय. काम झालं की बंद करू."

"प्रत्येक फोटोवर फडाचं ठिकाण आहे. आणि आपण गावकऱ्यांना नमुना दाखवायला दिलेली कप्प्याची लिंक अजून फिरतेय."

"तासाभरात कोण बघणार आहे?"

"तू बघितलं नसतंस?"

सौमित्रनं दुसरी वाट काढली. "मग याला मालकाचे सगळे हक्क देऊन टाक. कटकटच नको."

"मालक झाला तर फोटो पुसूही शकेल. माझ्या कोडमध्ये एक चूक निघाली की कप्पा साफ."

बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. मला वाटलं, ही आता घाबरणार. पण साक्षीनं नकाराचा अख्खा संदेश उघडला आणि एकेक शब्दावर बोट ठेवत वाचत गेली. 'परवानगी नाही' एवढं वाचून सगळे थांबतात. ती पुढे गेली.

"सौमित्र, नकार कुणाला मिळालाय बघ. इथं नाव आहे. आणि ते माझं नाही!"

खरंच नव्हतं. कुठल्या तरी सरसकट दिलेल्या नावानं मी दार वाजवत होतो. लॅपटॉपवर साक्षी स्वतःच्या नावानं आत शिरलेली असायची, आणि मी तिच्या कडेवर बसून जायचो. कप्पा तिच्यासाठी उघडत होता! आपल्याकडे "मला साक्षीनं पाठवलंय" म्हटलं की दार उघडतं, वर चहाही मिळतो. याच सवयीनं तिनंही गृहीत धरलं होतं की तिचा डबा म्हटल्यावर त्याला कोण अडवणार? क्लाउडच्या दारात अशी ओळख चालत नाही. तिथं प्रत्येकाला स्वतःचं नाव लागतं.

साक्षीनं मला नाव दिलं, 'बिबट्या-वाचक'. त्या नावाला एकच परवानगी दिली: या एका कप्प्यातले फोटो वाचायचे. नवे ठेवायचे नाहीत, पुसायचे नाहीत, शेजारच्या कप्प्यात डोकावायचं नाही. पण असं नाव जन्मतानाच द्यावं लागतं. म्हणून तिनं मला बंद केलं आणि क्लाउडवर डबे जपून ठेवायचं गोदाम असतं, तिथल्या माझ्या मूळ प्रतीवरून पुन्हा उभं केलं. नवा जन्म! मी धावत कप्प्यापाशी गेलो.

"परवानगी नाही."

सौमित्रनं कपाळावर हात मारला. "कर आता उघडा!"

"थांब. आत्ताच दिलीय, ती सगळीकडे पोचायला काही मिनिटं जातात."

"आणि तुझंच काही चुकलं असेल तर?"

"तर नकारात जुनंच नाव दिसलं असतं. बघ, नाव बरोबर आलंय."

तेवढ्यात बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. आता त्या दोघांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. जे काही व्हायचं ते माझ्या हातून.

तिकडे बांधापासून लांब, मंगलताई गावकऱ्यांना थोपवून उभ्या होत्या. ऊन उतरत होतं. बाळासोंचा धीर सुटत चालला होता, हे मला मागाहून कळलं.

"आवं मंगलबाई, बॅटरी मारून लांबनंच बघतो की. फड माजाच हाय!"

"फड तुमचा, पन् पिल्लं तिची हायती. फोन वाजूस्तवर हलायचं न्हाई."

मी दर काही सेकंदांनी दार वाजवत होतो. नाही. नाही. नाही. आणि अचानक कप्पा उघडला! फोटोंचा लोंढाच आला. पाचट. पाचट. एक मांजर. पुन्हा पाचट. आणि मग उसाच्या ताटांमधून दोन डोळे, मागे ठिपक्याठिपक्यांची पाठ! ती क्रेटवर वाकली होती. मित्रांनो, मला काळीज नाही. पण त्या वेळी माझ्यात जे काही आहे ते सगळं धडधडलं. मंगलताईंचा फोन वाजला: "बिबट्या आला आहे."

पुढच्या फोटोत क्रेटमध्ये एकच पिल्लू होतं. तेही मी कळवलं.

"गेली न्हवं? चला आता," बाळासो म्हणाले.

"एक ऱ्हायलंय अजून. ती येनार. खाली बसा!"

सगळे खाली बसले. कुणी खोकलंही नाही. कॅमेरा पाचटच पाठवत राहिला, आणि मी एकेक फोटो जिवाच्या आकांतानं बघत राहिलो. ती आली. वाकली. त्यानंतरच्या फोटोत होता फक्त रिकामा क्रेट!

मी निरोप पाठवला: "क्रेट रिकामा आहे." मंगलताईंनी लगेच साक्षीला फोन लावला. त्या बोलायच्या आत मागून बाळासोच ओरडले, "मॅडम, नेली की वो दोन्ही! लय भारी!"

वीज आल्यावर सौमित्र म्हणाला, "आता तरी फोटो बघू दे." दोघांनी ते एकदाच, डोळे भरून बघितले. मग साक्षीनं त्या कप्प्यावरून स्वतःचं नाव काढून टाकलं; आता ते फोटो तिलाही दिसणार नव्हते.

"तुझंसुद्धा?"

"माझं तिथं आता काय काम आहे?"

त्या हंगामात मी पुष्कळ फडांवर नजर ठेवली. मग माझ्याहून हुशार भाऊ आला; अंधारातलं डुक्करही त्याला चुकत नाही. मी गोदामात पडून असतो. आता मला कुणी चालू करत नाही, आणि 'बिबट्या-वाचक' या नावाची परवानगीही काढून घेतली आहे. सुरुवातीला मनाला फार लागलं. मग साक्षीनं स्वतःचं नाव काढलं होतं तो क्षण आठवला, आणि राग गेला.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. कुणाला किल्ली द्याल तर त्याच्या कामापुरतीच द्या, आणि काम संपलं की आठवणीनं परत घ्या. आणि कधी तुमच्याकडून कुणी परत मागितली, तर रुसू नका. दारामागे कुणाची तरी पिल्लं असतात.