जुन्या पट्ट्याच्या मापानं

एक विचारू का? मापाच्या बाबतीत माणसानं भरवसा कोणावर ठेवावा? दुकानदारावर, स्वतःच्या डोळ्यांवर, की आपल्याच हातानं वहीत लिहिलेल्या ओळीवर? घाईनं उत्तर देऊ नका. माझा सगळा जन्म गरागरा फिरण्यात गेला. आता खिळ्यावर निवांत लटकलोय, तर ऐकून घ्या.

मी पट्टा बोलतोय. पन्नास वर्षं जुन्या, सायीच्या रंगाच्या एका गाडीच्या इंजिनाचा पट्टा. रबराचा आणि सुताचा, आतल्या बाजूला निमुळता. इंजिन फिरलं की मी फिरायचो, आणि मी फिरलो की पाण्याचा पंप, पंखा आणि डायनामो फिरायचे. म्हणजे इंजिन थंड ठेवणं आणि बॅटरी भरणं ही दोन्ही कामं माझ्या अंगावर. पण घरातल्या सुनेची किंमत ती माहेरी गेल्यावर कळते, तसंच माझं. गाडी थांबल्याशिवाय माझं नाव कोणी काढत नाही.

गाडीत येण्याआधी सात वर्षं मी सुट्या भागांच्या एका दुकानात आकड्याला टांगलेला होतो. जे काही शिकलो ते तिथेच. दुकानाचे म्हातारे शेठ शाळेत फारसे गेले नव्हते, पण पट्ट्याच्या पाठीवरचा नंबर यादीत ताडून पाहिल्याशिवाय माल हातात देत नसत. एकदा एक ट्रकवाला जुना पट्टा नाचवत आला. "याच्याएवढा द्या."

शेठ म्हणाले, "हा तुमच्याकडे आला तेव्हा केवढा होता ते सांगा. आता केवढा झालाय ते मला नको."

ट्रकवाला चरफडत गेला आणि संध्याकाळी नंबर घेऊन परत आला. शेठ आम्हा पट्ट्यांकडे बघून पुटपुटले, "गिऱ्हाइकाला नाही म्हणताना जीभ जड होते, पण एकदाच होते."

मला तिथून नेलं एका घड्याळजींनी. गाडी त्यांच्या वडिलांची, आणि तिच्यावर त्यांचा जीव. माणूस कामाला चोख. समोरच्या कप्प्यात निळी वही ठेवलेली, आणि गाडीचं जे काही केलं ते तारखेनिशी तिच्यात. मला बसवल्यावर मधोमध अंगठ्यानं दाबलं, मी पेरभर आत गेलो, आणि त्यांनी लिहिलं, 'पट्टा बदलला. ताण बरोबर.' तेव्हा ते खरं होतं.

नऊ वर्षं मी धावलो. पट्टा धावतो तसा लांबतोही, हे लक्षात ठेवा. हळूहळू मी अर्धा इंच वाढलो. डायनामोला धरून ठेवणारी एक लोखंडी कमान असते, तिला लांब खाच. पट्टा सैल झाला की डायनामो त्या खाचेतून बाहेर ओढायचा आणि बोल्ट आवळायचा. दर वर्षी घड्याळजी तो थोडा थोडा ओढत गेले आणि शेवटी खाच संपली. माझ्या पोटाला भेगा पडल्या होत्या, पाठीवरचा नंबर पुसून गेला होता. त्यांनी मला उतरवलं आणि त्याच दुकानात नेलं.

म्हातारे शेठ आता नव्हते. गादीवर त्यांचे जावई.

"नंबर?" जावई म्हणाले.

"घासून गेलाय. हाच घ्या मापाला."

जावयांनी दोन बोटांवर मला आणि एका नव्या पट्ट्याला शेजारी शेजारी टांगलं, खालून ओढलं. "बघा, सख्खे भाऊ."

मी ओरडून सांगणार होतो, अहो, हा भाऊ माझ्या म्हातारपणाएवढा आहे, जन्माएवढा नाही. पण पट्ट्याचं कोण ऐकतो? गंमत बघा, हेच घड्याळजी गिऱ्हाइकांना रोज बजावायचे, "मागे पडलेल्या घड्याळावरून दुसरं घड्याळ लावू नका."

घरी नवा पट्टा चढला आणि पहिल्याच दिवशी डायनामो खाचेच्या टोकाला टेकला. अंगठा दोन पेरं आत गेला. घड्याळजींनी अंगठा काढून पुन्हा दाबला. मी जवळच फडक्यावर पडलो होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना कळलं होतं.

ओट्यावरून बायकोनं विचारलं, "अहो, बसला का नीट?"

"बसला."

आणि वहीत त्यांनी लिहिलं, 'ताण बरोबर.' मला चिंधीत गुंडाळून डिकीत जॅकखाली टाकलं.

बायकोनं स्वतः येऊन पाहिलं नसतं का? नसतं, कारण तिला दिसत नव्हतं. दोन्ही बुबुळांवरचे पडदे दुधासारखे झाले होते. नेत्रदानातून आलेला पडदा बसवण्यासाठी दोन वर्षं तिचं नाव इस्पितळाच्या यादीत होतं. आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी साडेआठला फोन आला. पडदा आलाय. बारापर्यंत पोचलात तर तुमचा, नाहीतर यादीतल्या पुढच्याचा.

इस्पितळ साठ किलोमीटरवर, मध्ये चढाचा रस्ता. सोबतीला मेहुणी आली होती. ती म्हणाली, "भाऊजी, भाड्याची गाडी बोलावू या का?"

"कशाला? परवाच पट्टा बदललाय."

चाळीस किलोमीटर झाले आणि चढ लागला. सगळ्यांच्या आधी बायकोनं ऐकलं. "अहो, काहीतरी किंचाळतंय."

"वारा असेल."

"वारा असा रडत नाही."

मग लाल दिवा लागला. उष्णतेचा काटा वर सरकू लागला. घड्याळजींनी गाडी कडेला घेईपर्यंत पुढे फटकन आवाज झाला. नवा पट्टा घसरून घसरून जळला होता आणि दोरे सोडून तुटला होता. सव्वादहा वाजले होते. मेहुणीनं भाड्याच्या गाडीसाठी फोन लावला. यायलाच दीड तास म्हणाले. एक ट्रक आला, त्याला हात केला, तो न थांबता गेला.

घड्याळजी रेडिएटरच्या झाकणाकडे धावले. "हात लावू नका," मेहुणी म्हणाली. "तुम्हाला भाजलेलं घेऊन कोणत्या इस्पितळात जायचं?"

डिकी उघडली. चिंधी सुटली. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. इंजिन जरा निवल्यावर मला चढवलं, डायनामो ओढला. खाच संपली, आणि मी सैलच.

बायको गाडीला चाचपत पुढे आली. "कुठं आहे तो? माझा हात ठेवा त्याच्यावर." तिनं अंगठा दाबला. "हा तर लोंबतोय. नवा पण असाच होता?"

घड्याळजींनी हातातला बोल्ट फडक्यानं पुसायला घेतला.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"बरं. ते नंतर. आता काय करायचं ते बोला."

ते सावकाश बोलले, जणू मोडलेलं घड्याळ समोर आहे. "कमानच काढून टाकायची. डायनामो हातानं पुरता बाहेर ओढायचा, आणि तो आणि इंजिन यांच्यामध्ये पाचर ठोकायची. पट्टा त्याला आत ओढेल, पाचर बाहेर रेटेल. पण चांगलं लाकूड हवं. इथं नुसती झुडपं आहेत."

बायकोनं आपली काठी पुढे केली. शिसवी, गुळगुळीत, दोन वर्षं तिच्या हातातली. "कापा."

"ताई, अगं, वेडी का तू," मेहुणी म्हणाली. "चालशील कशी?"

"तुझा खांदा आहे ना. बोलायला एवढी पुढे असतेस, आता चालायला हो. आणि आपण वेळेत पोचलो तर काठी फार दिवस लागायची नाही. नाही पोचलो तर दुसरी आणू. कापा हो."

घड्याळजींनी हत्यारांच्या पिशवीतून करवतीचं पान काढलं. आधी काठीवर बोटांनी माप घेतलं. वीतभर तुकडा कापला, एका टोकाला तासला, ठोकला. बायकोनं पुन्हा अंगठा दाबला. "पेरभर. आता बरोबर."

अकरा वाजून पाच मिनिटं. वीस किलोमीटर.

ते वीस किलोमीटर मला विचारा. प्रत्येक फेऱ्याला भेगा उघडत होत्या. माझ्या कडेचा एक दोरा सुटला आणि बॉनेटला आतून टकटक आपटू लागला. आत सगळे तो आवाज ऐकत होते. काटा लाल रेषेच्या खाली थरथरत होता. वळणावर पाचर सरकली असं वाटलं, मग परत घट्ट बसली. दुसरा दोरा सुटला. घड्याळजी उतारावर इंजिनाला दम खाऊ देत होते, चढावर गाडीला चुचकारत होते. बायको एवढंच म्हणाली, "अजून रडत नाहीये तो."

बाराला आठ मिनिटं असताना फाटक आलं. मेहुणीनं बहिणीला खांदा दिला आणि दोघी आत गेल्या. घड्याळजींनी इंजिन बंद केलं. मी तेव्हा निम्म्या रुंदीचा उरलो होतो.

ते लगेच आत गेले नाहीत. आधी कप्प्यातून निळी वही काढली. परवाची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'ताण सैल होता. मला माहीत होतं.' बायकोला तेव्हा वाचता येत नव्हतं. तिला दाखवण्यासाठी लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी.

नवा पट्टा नंतर आला, गाडीवरून छापील यादीत नंबर शोधून. मी आता घड्याळजींच्या दुकानात खिळ्यावर आहे, शेजारी काठीचा उरलेला भाग टेकवलेला. पाच महिन्यांनी एका दुपारी बायको एकटीच दुकानात आली. भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांकडे बघत राहिली. मग गाडीतून आणून टेबलावर ठेवलेली निळी वही उचलली, डाव्या डोळ्याजवळ धरून पानं उलटली, आणि ती खोडलेली ओळ आणि तिच्याखालची ओळ दोन्ही सावकाश वाचल्या. वही मिटली.

"अक्षर फार गिचमिड आहे तुमचं," ती म्हणाली, "पण वाचता आलं."

घड्याळजींनी भिंग खाली ठेवलं आणि डोळे पुसले. म्हणाले, तेल उडालं.

तर गिऱ्हाईक, माझं आता मागणं असं काही नाही. मी संपलेला माल आहे. पण तुमच्याकडेही एखादी वही असेल, गाडीची, दुकानाची नाहीतर घरातल्या बोलण्याची. अंगठा दोन पेरं आत गेला तर तिच्यात दोन पेरंच लिहा.