इथे कुलूप नको

“ताई, दोन कामांच्या मध्ये जरासा थांबा टाका आणि द्या दुरुस्ती पाठवून. पडदा गोठला नाही म्हणजे झालं!” साहेब तिच्या खुर्चीमागे उभे होते.

“त्यानं चूक जाणार नाही, साहेब. नुसती दडून बसेल.”

पडदा शस्त्रक्रियेच्या खोलीतला होता. रुग्णाच्या पोटातला कॅमेरा दाखवील ते त्यावर उमटायचं, आणि हल्ली मधूनच चित्र गोठत होतं. डॉक्टरांचा हात चाललेला आणि समोर मघाचंच चित्र! हे चित्र उमटवणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला चालवणारा प्रोग्रॅम, तिच्या हवाली होता.

चोर तर सापडला होता. एक काम जुनं चित्र पुसून जागा मोकळी करत असतानाच दुसरं त्याच जागेतून चित्र उचलायला जाई, आणि दोघांना आवरायला, एका वेळी एकालाच आत सोडायला, प्रोग्रॅममध्ये कुलूपच नव्हतं. उलट त्या ओळींच्या शेजारी काकांनी लिहिलेली टीप होती, ‘इथे कुलूप नको’. काका म्हणजे तिला हे काम शिकवणारे, आता निवृत्त झालेले. त्यांच्या वेळच्या यंत्रात एक काम संपल्यावरच दुसरं सुरू होई, तेव्हा ते खरंच होतं. यंत्रं बदलली, टीप राहिली. काकांनी लिहिलंय म्हटल्यावर त्या टिपेला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, तिचीही नाही.

तिनं कुलूप घातलं आणि चाचणीचा पडदा ठार बंद! कुलूप लावून आत गेलेलं काम पुढे पुन्हा तेच कुलूप मागत होतं, म्हणजे स्वतःचीच वाट बघत बसलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. ती मात्र पिच्छा सोडणाऱ्यांतली नव्हती. तिनं सगळं उपसलं, आतली ती मागणी काढली आणि पुन्हा चाचणी लावली. जेवणाची वेळ टळून गेली तरी चित्र वाहतं होतं.

“आता पाठवा की!” साहेब म्हणाले.

पण काकांना न सांगता त्यांची ओळ पुसणं तिच्या जिवावर आलं. तिनं फोन लावला.

“काका, तुमची कुलपाची टीप काढावी लागणार. चित्र गोठत होतं.”

“कुठं लावतात गं ते पडदे हल्ली?” काकांनी विचारलं.

“शस्त्रक्रियेच्या खोलीत.”

“कुणाला काही झालं?”

“नाही, काका. डॉक्टरांनी दर वेळी हात थांबवला.”

“नक्की?”

“नक्की. मी स्वतः विचारलंय त्यांना.”

“मग थांबलीस कशाला?” काका म्हणाले. “पाठव.”