तड्याचे महर्षी

महर्षी हे नाव तिनंच नवऱ्याला ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात. बाहेर जग त्यांना काचेचे कलावंत म्हणायचं, ते सभांमधून डोळे मिटून ‘परिपूर्ण काच खोटं बोलते, तडाच खरं बोलतो’ असं सांगायचे, आणि समोरची चांगली शिकलीसवरली माणसं माना डोलवायची. तिला वाटायचं, यांच्या अकला गहाण पडल्यात की काय!

हे तत्त्वज्ञान जन्मलं कसं, ते तिला ठाऊक होतं, कारण ती तिथंच उभी होती. घडवलेली काच लगेच उघड्यावर ठेवली तर तडकते, म्हणून ती एका गरम ओव्हनमध्ये हळूहळू निववावी लागते. मोठी वस्तू असली की दीड-दोन दिवस दाराला हात लावायचा नाही. महर्षींना लहानपणापासून कशाचाच दम निघत नसे. एका बड्या समीक्षकाला दाखवायच्या घाईत त्यांनी दार मध्येच उघडलं, गार हवा आत गेली आणि टण्णकन तडा गेला. महर्षींचा चेहरा पांढराफटक पडला. समीक्षक मात्र गहिवरून म्हणाले, वा, काय धाडस! झालं. त्या दिवसापासून घाईला चिंतन म्हणायची पद्धत पडली आणि ओव्हन मुद्दाम लवकर उघडला जाऊ लागला.

पुढे पुढे महर्षींनी काच फुंकणंही सोडलं. भट्टीपुढे उभं राहिलं की त्यांना विचार सुचत नसत म्हणे. फुंकायची ती. ती त्यांच्याच वर्गात शिकलेली, आणि हातानं त्यांच्याहून सरस. महर्षी खुर्चीत बसून, “अजून थोडं दुःख येऊ दे त्यात,” अशा सूचना द्यायचे. दुःख म्हणजे नक्की किती फुंकायचं, हे विचारायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं. नणंद घरी आली की म्हणायची, दादाच्या हातात जादू आहे हो. वहिनी भाजलेल्या हातांनी तिला चहा द्यायची.

पण या वेळी तिनं स्वतःसाठी एक दिवा करायला घेतला. इतक्या वर्षांत पहिलाच. पातळ, बिनरंगी, कुठं फुगवटा नाही की बुडबुडा नाही. मोठं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. ते भरवणाऱ्या बाईंना तिनं स्वतः फोन करून विचारलं, माझी एक वस्तू माझ्या नावानं ठेवाल का? बाई म्हणाल्या, तीन दिवसांनी येते, बघते, चांगली असली तर ठेवू. तेवढ्यावर ती दोन दिवस हवेत होती. दिवा पुरा करून ओव्हनमध्ये ठेवल्यावर तिनं महर्षींना बजावलं, आत माझा दिवा आहे, उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. महर्षी फोनवर कुणाला तरी नश्वरतेबद्दल सांगत होते. त्यांनी मान हलवली.

बाई एक दिवस आधीच टपकल्या. ती वर कपडे वाळत घालत होती. खालून ओळखीचा टण्ण असा आवाज आला. ती धावत खाली उतरली तेव्हा ओव्हनचं दार सताड उघडं होतं. महर्षींनी जाड हातमोजे घालून दिवा बाहेर काढून ठेवला होता, आणि त्याच्या काठापासून बुडापर्यंत तडा गेला होता. पाहुणा आला की ओव्हन उघडायचा, ही त्यांची सवयच होऊन गेली होती. आत काय आहे, कुणाचं आहे, याचा विचार करायला त्यांना फुरसत कुठली?

बाई तर हरखून गेल्या होत्या. इतका बोलका तडा आपण पाहिलाच नाही, हा दिवा दालनाच्या मधोमध लावायचा, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

“तो माझा दिवा आहे,” ती म्हणाली. “मी फोन केला होता ना, तो हाच.”

बाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. “अच्छा,” त्या म्हणाल्या. “मग हा तडा चुकून गेला का?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना. दार मी उघडलं, चूक माझी, दिवा चांगला होता, बस. महर्षींनी हातमोजे काढले, दाढी कुरवाळली, आणि मोठ्या मायेनं म्हणाले, “शिकतेय ती अजून. ओव्हन जरा लवकर उघडला गेला असेल. धीर कमी पडतो तिला.”

त्या क्षणी तिला त्यांचा रागसुद्धा येईना, नुसती शिसारी आली. ती भिंतीपाशी गेली, एक फुंकणी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

“खरंय, शिकतेच आहे,” ती म्हणाली. “प्रदर्शनासाठीचा काचेचा मोठा गोल अजून व्हायचाय. आज तुम्ही करून दाखवा, म्हणजे आम्ही दोघीही शिकू.”

बाईंनी लगेच फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. आता माघार कशी घेणार? महर्षी भट्टीपाशी गेले, फुंकणीचं टोक आत बुडवून वितळलेली काच घेतली, आणि कॅमेऱ्याकडे वळून श्वासाबद्दल बोलू लागले. फुंकणी हातात सतत फिरवत ठेवावी लागते, एवढं साधं ते विसरून गेले होते. बोलता बोलता काच एका बाजूला लोंबली, सुटली आणि लालभडक, शेणाच्या पोसारखी फरशीवर पसरली.

मग बाईंनी फोन तसाच धरून, आवाज खाली आणून विचारलं, “याला नाव काय देणार?”

महर्षींनी डोळे मिटले. नाव शोधत असावेत.

ती हसली नाही. हसण्याच्याही लायकीचं उरलं नव्हतं काही. तिनं एप्रन सोडून खुंटीला अडकवला, आपली नेहमीची फुंकणी घेतली आणि दाराकडे निघाली. शहरात भट्ट्या काही ही एकच नव्हती.

“अगं, चाललीस कुठं?” मागून महर्षींची हाक आली. “हे उचलायचं कसं इथून?”

“तुमचं आहे,” ती म्हणाली, “तुम्हीच बघा.”