भिंगरीचं वजन

चिंध्यांच्या पोत्याला मुंग्या लागल्या, तेव्हा टेलरमास्तरांना वाटलं, कुणा गिऱ्हाइकाने चहा सांडला असेल. ते पोतं दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, कपडे घालून बघायच्या पडद्याआड असायचं. कापून उरलेले तुकडे त्यात पडत आणि महिन्याकाठी चिंधीवाला ते घेऊन जाई. मास्तरांनी पोतं उलटं केलं. रंगीत तुकड्यांमधून प्लास्टिकच्या पिशव्या घरंगळत बाहेर आल्या. एकीत उकडलेली अंडी, हिरवट पडलेली. दुसरीत भाताचा दगडासारखा गोळा. तिसरीत केळी, काळी ठिक्कर.

मास्तर पिशव्या वेचायला खाली बसले. ही अंडी त्यांनी स्वतः सोलली होती. मुलगी रोज सरावाला जाण्याआधी दुकानात यायची, पडद्याआड बसून डबा खायची आणि रिकामा डबा त्यांच्यापुढे वाजवून म्हणायची, "बघा बाबा, चाटूनपुसून!"

मुलगी सोळा वर्षांची. फुटबॉल क्लबातल्या मुली तिला भिंगरी म्हणत, कारण चेंडू पायात आला की ती कुठल्या अंगाला वळेल हे तिचं तिलाही ठाऊक नसे. ते नाव पुढे घरीही चिकटलं. विभागाच्या मुलींच्या संघाची निवड पाच आठवड्यांवर आली होती आणि तिचं नाव घेतल्याशिवाय कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

क्लबाच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता. दर शनिवारी प्रशिक्षक सगळ्या मुलींची वजनं घ्यायचे आणि सगळ्यांसमोर त्यावर लिहायचे. भिंगरीला ते एकदा म्हणाले होते, "पाय सोन्यासारखे आहेत, पण वर सामान फार झालंय. तीन किलो उतरव, मग उडशील." तीन उतरले. मग आणखी दोन. कुणी थांब म्हटलं नाही.

आणि मास्तरांनी तरी कुठे म्हटलं होतं? हाच विचार आता त्यांना बसल्या जागी कुरतडू लागला. वजनाचा काटा त्यांनीच आणला होता. काय खायचं नाही याचा प्रशिक्षकांनी दिलेला कागद त्यांनीच स्वयंपाकघरात चिकटवला होता. तिची खेळायची चड्डी कमरेत अर्धा इंच आत घेतली होती, महिन्याभराने आणखी अर्धा, मग पुन्हा. आणि दातांत टाचण्या धरून दर वेळी "शाब्बास" म्हटलं होतं. दुसऱ्या कुणाच्या मुलीची कंबर अशी उतरली असती, तर त्यांनी तिच्या आईला बाजूला घेऊन विचारलं असतं.

संध्याकाळी त्यांनी पिशव्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. नुकतीच ड्यूटी संपवून आली होती. ती पिशव्यांकडे बघतच राहिली.

"हे काय?" मास्तरांनी मुलीला विचारलं.

भिंगरी ओशाळली नाही, रडली नाही. "पाच आठवडे राहिलेत, बाबा. निवड झाली की खाईन ना. सगळं खाईन."

"आणि तोवर?"

"तोवर मला काही होत नाही. उलट हलकं वाटतं."

"जिना चढताना कठडा धरतेस," आई म्हणाली. "काल बघितलं मी." मग आवाज खाली घेऊन तिने विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती गं?"

मुलीने खांदे उडवले. "सुट्टीच्या आधी. बरंच आहे की. सामन्यात कटकट नाही."

म्हणजे पाच महिने. आईने तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने ओळख काढून मुलीला इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं; मास्तरही बरोबर गेले. बाईंनी नाडी मोजली, पुन्हा मोजली, नडगी दाबताच ती कळवळली म्हणून पायाचे एक्स-रे फोटो काढायला लावले आणि तिघांना समोर बसवलं.

"जेवढं खाते त्याच्या दुप्पट पळते. शरीर ते कुठून तरी काढणारच. आता ते हाडांतून काढतंय. पाळी थांबली तीही त्यामुळेच." फोटोवर त्यांनी नडगीच्या हाडातली केसाएवढी रेघ दाखवली. "ही भेग आहे. खेळली तर मोडेल. आज मोडेल, महिन्याने मोडेल, कदाचित मोडणारही नाही. पण तिचं हृदय फार सावकाश चाललंय, आणि मला जास्त भीती त्याची आहे. तीन महिने मैदान बंद."

"निवडीनंतर चालेल ना?" भिंगरीने विचारलं.

"नाही."

मास्तर तडक मैदानावर गेले. प्रशिक्षक सरावाचे शंकू मांडत होते. त्यांनी मान वर न करता सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, डॉक्टर असंच म्हणणार. या वयात सगळ्याच मुलींचं होतं हे. आणि मी उपाशी राहा असं कुणाला म्हणालो? तुम्हीच तर सांगत होता, पोरगी कागदाबाहेर एक घास खात नाही म्हणून. किती कौतुकाने सांगत होता!"

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "हात जोडतो. तुम्ही तिला सांगा. तुमचं ऐकेल ती."

"निवड समिती माझी नाही. तिला उतरवायचं की नाही, ते तुम्ही बघा. परवानगीच्या कागदावर सही तुमची लागते."

मास्तरांनी सही केली नाही. तक्ता काढा असं मात्र ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे दिवस घरात विचित्र शांततेत गेले. भिंगरी समोर बसून जेवू लागली, हळूहळू, एकेक शीत वेचल्यासारखी. मास्तर तिच्या ताटाकडे न बघण्याचं सोंग करत. त्यांना वाटू लागलं, पोरगी ताळ्यावर आली. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं.

निवडीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दुकानातला फोन वाजला. क्लबाची गोलकीपर होती, उंच, घोगऱ्या आवाजाची मुलगी. "काका, भिंगरी इथे आहे. कागदावर तुमची सही आहे. तुम्ही केलीत का?"

मास्तरांनी अर्धवट शिवलेली बाही यंत्राच्या सुईखालीच सोडली. गळ्यातली टेपही काढायचं भान राहिलं नाही. ते रस्त्यावरून पळत सुटले, तेव्हा ओळखीची माणसं वळून बघत होती.

मैदानाच्या रेषेशी पोचले तेव्हा सामना रंगात होता आणि त्यात भिंगरी होती. तिने दोघींना चकवलं, तिसरीच्या पायांमधून चेंडू काढला आणि थेट जाळीत मारला. निवड समितीतल्या बाई काहीतरी भराभर लिहू लागल्या. मास्तरांच्या अंगावर काटा आला, आणि तो निव्वळ भीतीचा नव्हता. झालं तर, त्यांच्या मनात आलं, होऊन जाऊ दे एकदाचं, आता राहिलंय किती? ते तसेच उभे राहिले, चांगली चार मिनिटं. ती चार मिनिटं त्यांनी पुढे बायकोलाही कधी सांगितली नाहीत.

मग भिंगरी थांबली. मोजा सारखा करायचं निमित्त करून ती वाकली आणि तिने नडगी दोन्ही हातांनी आवळून धरली. सरळ झाली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता.

मास्तर रेषा ओलांडून आत गेले. शिट्टी वाजली, कुणीतरी "ओ काका, बाहेर!" म्हणून ओरडलं, चेंडू त्यांच्या पायांजवळून गेला. त्यांनी मुलीचा दंड धरला. त्यांच्या मुठीत तो पुरा मावला आणि वर बोटं उरली.

"सोडा! बाबा, सोडा मला! दहाच मिनिटं!"

"चल."

"तुम्हीच माझी चड्डी आत घेत होता ना? तेव्हा तर शाब्बास म्हणत होता!" सगळं मैदान ऐकत होतं. "मला काही झालेलं नाही! बघा, उभी आहे मी! काही झालेलं नाही!"

खरंच, हाड मोडलेलं नव्हतं. मास्तरांकडे पुरावा असा काहीच नव्हता. समितीतल्या बाईंनी वहीत एक आडवी रेघ मारली, आणि निवड तिथेच संपली.

त्या दिवसापासून मुलीने बापाशी बोलणं टाकलं आणि अन्नही टाकलं, या वेळी उघडपणे. आईने समजावलं, रागावली, पाया पडली. चौथ्या दिवशी भिंगरी न्हाणीघरात कोसळली. डॉक्टरीणबाईंनी तिला वॉर्डात ठेवून घेतलं आणि नाकातून नळी घातली. आई खाली चादरी धुवायची आणि मधल्या सुट्टीत वर येऊन बसायची. मास्तर दुपारी दुकान बंद करून दारापाशी स्टुलावर बसत, कारण त्यांना बघितलं की मुलगी भिंतीकडे तोंड फिरवायची. मी मैदानात गेलो नसतो तर? मी आधीच गेलो असतो तर? आळीपाळीने हे दोनच प्रश्न. रात्री झोप नाही, दिवसा डोकं ठिकाणावर नाही. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

दहाव्या दिवशी गोलकीपर भेटायला आली. पलंगावर बसली. मग म्हणाली, "माझीही चार महिने आली नाही. आईला सांगितलंय काल. मागच्या फळीतल्या दोघींचंही तसंच आहे." आणि ती हमसून हमसून रडायला लागली. भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. तिचा हात तेवढा मैत्रिणीच्या पाठीवर गेला.

नळी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी तीनची वेळ, वॉर्ड पेंगत होता. स्टुलावर मास्तरांचाही डोळा लागत होता.

"भूक लागलीय," पलंगावरून आवाज आला. भिंतीला उद्देशून, चिडून, जणू कुणी तिच्यावर अन्याय केला होता.

मास्तर ताडकन उठले. कँटीनची खिडकी बंद होती. त्यांनी ती एवढी बडवली की आतला माणूस शिव्या घालतच आला. पण मास्तरांचं तोंड बघून त्याने पुढे काही विचारलं नाही. पाव होता, एक उकडलेलं अंडं होतं, ग्लासभर दूध होतं.

भिंगरी उठून बसली. अंड्याचा एक घास तिने कितीतरी वेळ तोंडात घोळवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"मी तुमच्याशी बोलणार नाहीये," ती म्हणाली.

"नको बोलूस," मास्तर म्हणाले. "खा."

तिने अर्धं अंडं आणि पावाचा मधला मऊ भाग खाल्ला. उरलेलं बाजूला सारलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. पुढच्या जेवणाला ती खाईल की नाही, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नसतं. मास्तरांनी स्टूल दारापासून उचललं आणि पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवलं. ती काही म्हणाली नाही, म्हणून ते तिथेच बसले.